सासऱ्यांची जीप डावीकडे जाते

ब्रेक दाबल्यावर गाडी थांबावी, एवढीच माझी कुठल्याही गाडीकडून अपेक्षा असते. थांबताना तिनं कुणाकडे तोंड करून थांबावं, याचा मी जन्मात कधी विचार केला नव्हता. तो विचार मला वाहन तपासणी कचेरीच्या मैदानावर पहिल्यांदा करावा लागला. त्या वेळी जीपचं तोंड तपासनीस साहेबांच्या टेबलाकडे होतं आणि तपासनीस साहेब टेबलावर उभे होते.

पण आधी माझी ओळख करून देतो, नाहीतर तुम्ही मला कुणीतरी धांदरट माणूस समजाल. मी वजनमापे खात्यात निरीक्षक आहे. दुकानादुकानांत जाऊन तराजूची दोन्ही पारडी रिकामी असताना काटा मध्ये उभा राहतो का ते बघायचं, राहिला तर शिशाचा शिक्का मारायचा आणि नाही राहिला तर दुकानदाराकडे काही न बोलता बघत राहायचं, हे माझं काम. हे न बोलता बघणं मला फार छान जमतं. काही दुकानदार प्रेमापोटी तराजूच्या धारेला, म्हणजे ज्या पोलादी कडेवर दांडी तोललेली असते तिला, तेल लावतात. त्या तेलात धूळ बसते आणि तराजू एका बाजूला आळशी होतो. ‘जिथं कोरडं हवं तिथं कोरडंच हवं’ हे माझं वाक्य बाजारात इतकं पाठ आहे, की मी समोरून येताना दिसलो की दुकानदार ते माझ्याआधी म्हणतात. सांगायचा मुद्दा काय, तर दोन बाजू समान असाव्यात या एका गोष्टीवर मी बावीस वर्षं पगार घेतोय.

जीप माझी नव्हे, सासऱ्यांची. ते पाटबंधारे खात्यात सर्वेक्षक होते. धरणाला जागा शोधत त्यांनी या जीपमधून इतके डोंगर पालथे घातले, की दोघांनाही सपाट रस्त्यावर करमत नसे. दोघं एकाच वर्षी निवृत्त झाले. खात्यानं जीप लिलावात काढली आणि सासऱ्यांनी ती घेतली. माझी बायको तिच्या बंपरला धरून चालायला शिकली आहे. सासूबाई गेल्यावर सासरे आमच्याकडे राहायला आले ते एक ट्रंक, एक दुर्बीण आणि ही जीप घेऊन. पुढं डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांचं गाडी चालवणं बंद केलं. त्या दिवशी त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, ‘‘एका वेळी एकच गोष्ट करायची. आणि जे केलं ते लिहून ठेवायचं. बाकी ती सांभाळून घेते.’’

तेव्हापासून रोज सकाळी ते चहाचा कप घेऊन खाली जायचे, जीपमध्ये चालकाच्या शेजारच्या जागेवर बसायचे आणि तिथं पेपर वाचायचे. जीप जागची हलायची नाही, पण त्यांचा चेहरा मात्र प्रवासाला निघाल्यासारखा असायचा.

जीपमध्ये एकच खोट होती. ब्रेक दाबला की पुढचं उजवं चाक किंचाळायचं. किंचाळायचं म्हणजे अगदी जिवावर उठल्यासारखं. आमच्या वसाहतीच्या फाटकालगत तळमजल्यावर दातांचे डॉक्टर राहतात आणि तिथंच त्यांचा दवाखाना आहे. मी संध्याकाळी फाटकाशी ब्रेक दाबला की आत खुर्चीवर आ करून बसलेला माणूस दचकून तोंड मिटायचा. त्या वेळी डॉक्टरांची बोटं कुठं असतील याचा तुम्हीच विचार करा. एक दिवस ते बोटाला पट्टी बांधून आमच्या दारात आले.

‘‘तुमच्या जीपनं मला तिसऱ्यांदा चावलंय,’’ ते म्हणाले.

शेजाऱ्याचं बोट म्हटल्यावर मी लक्ष घातलं आणि दोन दिवसांत आवाज बंद केला. कसा केला ते सांगण्यासारखं नाही. घरातल्या कर्त्या माणसाला अशी किरकोळ देखभाल येतेच, आणि ती मी दर रविवारी सकाळी करत असे. त्यात मिरवण्यासारखं काही नाही, म्हणून मी ते कुणाला सांगितलंही नाही.

तर असं सगळं आलबेल असताना तपासणीचं पत्र आलं. जुन्या गाड्यांनी तीन संधींत ब्रेकची चाचणी पार करायची, नाहीतर गाडी मोडीत. पत्रात ‘मोडीत’ हा शब्द नव्हता. ‘विल्हेवाट’ असा शब्द होता. सासऱ्यांनी भिंग लावून तो दोनदा वाचला आणि पत्राची घडी अगदी पहिल्यासारखी घातली.

‘‘त्यात काय एवढं!’’ मी म्हणालो. ‘‘थांबतेच की ती.’’

मैदानावर पांढऱ्या दोन रेघा मारल्या होत्या. ठरावीक वेगानं यायचं, पहिल्या रेघेवर कचकन ब्रेक दाबायचा आणि दुसरीपर्यंत सरळ थांबायचं. मी दाबला. पुढचं डावं चाक जागच्या जागी घट्ट बसलं, उजवं मजेत फिरत राहिलं, आणि जीप डाव्या चाकाभोवती वळून थेट टेबलाकडे निघाली. तपासनीस साहेब चपळ होते. टेबलावरचा चहा मात्र चपळ नव्हता. तो नोंदवहीवर सांडला आणि माझ्या आधीच्या अकरा गाड्यांचे निकाल पुसले गेले.

साहेब टेबलावरूनच बोलले, ‘‘डावं पकडतंय, उजवं पकडत नाही. दोन्ही बाजूंना सारखा ब्रेक लागत नाही तुमचा. काय करता आपण?’’

‘‘नोकरी,’’ मी म्हणालो.

‘‘कुठल्या खात्यात?’’

मी ऐकू न आल्यासारखं केलं. बावीस वर्षांत मी पहिल्यांदाच दुकानदाराच्या जागी उभा होतो आणि साहेब माझ्याकडे काही न बोलता बघत होते. मान्य करायला हवं, त्यांनाही ते छान जमत होतं.

घरी येईपर्यंत बातमी पोचली होती. दुसऱ्या दिवशी वसाहतीत सल्ल्यांचं पेव फुटलं. वरच्या मजल्यावर विज्ञानाचे मास्तर राहतात. त्यांना निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण फळा दिसला नाही तर ते भिंतीवर लिहितात. ते खाली आले, जीपभोवती दोन फेऱ्या मारून म्हणाले, ‘‘साधं आहे. चालक उजवीकडे बसतो, पेट्रोलची टाकी डावीकडे. डावीकडचं वजन जास्त, म्हणून ते चाक आधी अडतं. उजवीकडे भार वाढवा.’’

‘‘वजन वाढलं की चाक अडतं की फिरतं?’’ सासऱ्यांनी विचारलं.

‘‘ते तुम्ही माझ्यावर सोडा,’’ मास्तर म्हणाले.

वजन हा माझा प्रांत असल्यामुळे मला हा सल्ला लगेच पटला. वसाहतीच्या मागं मोकळी जागा आहे, तिथं प्रयोग ठरला. डॉक्टरांना मी उजवीकडे माझ्या मागं बसवलं, मास्तर त्यांच्या मांडीला मांडी लावून बसले. नेमका भार ठाऊक असावा म्हणून मी आधी दोघांना वजनकाट्यावर उभं केलं. डॉक्टरांनी बूट काढून वजन करण्याचा आग्रह धरला, मी म्हटलं प्रवास बुटांसकट करायचाय. यावर आमची थोडी बाचाबाची झाली. बायकोलाही मी बोलावलं. काटा बघून ती म्हणाली, ‘‘जीप मोडीत गेली तरी चालेल, मी त्यावर उभी राहणार नाही. आणि अहो, माझ्या शिवणाच्या मशीनचं तेल कुठं संपलं? महिन्यापूर्वी कुपी भरून आणली होती.’’

ऐन प्रयोगाच्या वेळी बायकांना काय काय सुचतं! मी तिकडे दुर्लक्ष केलं.

मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. जीप डावीकडे गेली. मास्तर आणि डॉक्टर मात्र सरळ पुढं गेले. डॉक्टर माझ्या पाठीवर आले आणि मास्तर डॉक्टरांवर. या एका प्रयोगातून मास्तरांचा गतीचा नियम सिद्ध झाला एवढंच. त्यानंतर पंधरा दिवस आम्ही तिघंही मान एकाच बाजूला धरून चालत होतो.

सासरे या सगळ्यात नव्हते. ते खडू आणि टेप घेऊन जमिनीवर वाकले होते. डाव्या चाकाचा काळा घासलेला पट्टा त्यांनी बोटांनी चाचपून खडूनं आखला आणि टेप माझ्या हातात देऊन मापायला सांगितला. उजव्या चाकाचा पट्टा शोधून सापडला नाही. त्यांनी खिशातून सर्वेक्षणाची जुनी वही काढली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं.

‘‘हवा दोन्ही चाकांत सारखी आहे,’’ ते म्हणाले. ‘‘पुढच्या चाकांना इंजिनाची ताकद जोडलेली नाही, तेही बघितलं. म्हणजे उजव्या ब्रेकच्या आत जायला हवं. मिस्त्रीला दाखवू.’’

मिस्त्री हा गंभीर माणूस. त्याच्या गॅरेजात तो एकटाच काम करतो, कारण त्याचं दुसऱ्या कुणाच्या कामानं समाधान होत नाही. त्यानं उजवं चाक उतरवलं, वरचं डबं काढलं आणि आतल्या चंद्रकोरीसारख्या दोन पट्ट्या दाखवल्या. ब्रेक दाबला की या पट्ट्या फाकतात आणि फिरणाऱ्या डब्याला आतून धरतात, म्हणून चाक थांबतं, असं त्यानं मला समजावलं. मी मान डोलावली. माझी मान तेव्हा एवढीच डोलत होती.

‘‘पट्ट्या तेलानं भिजल्यात,’’ तो म्हणाला. ‘‘पकडणार कशा? आतला सिलिंडर गळत असणार.’’

त्यानं सिलिंडर बदलला, पट्ट्या धुऊन घासल्या, ब्रेकमधली हवा काढली आणि गॅरेजासमोर चालवून दाखवली. जीप अशी सरळ थांबली की सासऱ्यांनी मिस्त्रीच्या पाठीवर थाप मारली. मिस्त्री हसला. तो हसतो हे त्याच्या शेजारच्या पानवाल्यालाही त्या दिवशी कळलं.

घरी परतताना फाटकाशी मी ब्रेक दाबला आणि उजवं चाक पूर्वीसारखं किंचाळलं. दवाखान्यातून डॉक्टरांचाही आवाज आला.

मी म्हटलं, ठीक आहे, एका दुरुस्तीत दुसरं काहीतरी बिघडतंच. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी माझी नेहमीची किरकोळ देखभाल केली, नेहमीपेक्षा जरा सढळ हातानं केली, आणि आवाज बंद झाला. सोमवारी दुसरी चाचणी. साहेबांनी या वेळी टेबल उजवीकडे हलवलं होतं. डावीकडे कचेरीच्या बागेतल्या कुंड्या होत्या. त्यांपैकी चार आता नाहीत.

‘‘एक संधी राहिली,’’ साहेब म्हणाले. ‘‘आठ दिवसांनी या. आणि पुढच्या वेळी कुठली बाजू मोकळी ठेवू ते आधी कळवा.’’

मिस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. त्यानं पुन्हा चाक उतरवलं. नवा सिलिंडर कोरडा ठणठणीत होता, पट्ट्या मात्र तेलात न्हाल्या होत्या. त्यानं ग्रीसची सील बदलली, पट्ट्याच नव्या घातल्या. गॅरेजासमोर जीप पुन्हा सरळ. तीन दिवसांनी तो स्वतः जीप घेऊन आमच्याकडे आला. त्याला घरच्या जागेची पाहणी करायची होती. तो आला की डॉक्टर आले, डॉक्टर आले की मास्तर आले, आणि खिडकीत बायको आली. सासरे तर उघडी वही घेऊन खाली उभेच होते.

‘‘हे ब्रेकचं तेल नव्हतं,’’ मिस्त्री म्हणाला. त्यानं जुनी पट्टी कागदात गुंडाळून आणली होती, एखाद्या खटल्यातल्या पुराव्यासारखी. ‘‘गिअरचंही नाही, ग्रीसही नाही. पाण्यासारखं बारीक तेल आहे. माझ्याकडे सरळ थांबते, तुमच्याकडे राहिली की वाकडी. कुणीतरी घरात ब्रेकमध्ये तेल ओततंय.’’

सगळ्यांच्या अंगावर काटा आला. ब्रेकमध्ये तेल! एवढा मूर्ख कोण असेल? माझ्या संतापाला पारावार राहिला नाही. आणि त्याच क्षणी मला आठवलं, की मंगळवारी सकाळी, चाचणी हुकल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मी सासऱ्यांना उजव्या चाकामागं टॉर्च घेऊन वाकलेलं पाहिलं होतं. बोट आत घालून ते नाकाशी धरत होते.

आता इथं माझ्या बाजूनं एवढंच सांगतो, की माझी मान दुखत होती, चार कुंड्या माझ्या नावावर होत्या आणि चौघं माझ्याकडे बघत होते. निरीक्षकाचा आवाज माझ्या तोंडून आपोआप निघाला.

‘‘बाबा, तुम्ही रोज त्या चाकाशी काय खुडबूड करता? तुम्हाला आता नीट दिसत नाही. कशात काय घालता हे तुम्हाला कळतं का?’’

खिडकीतून बायकोनं ‘‘अहो!’’ एवढंच म्हटलं.

‘‘काका, तुम्ही घातलंत का तेल?’’ मिस्त्रीनं हळूच विचारलं.

सासऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मग वही मिटून खिशात ठेवली. ‘‘असेल,’’ ते म्हणाले. ‘‘म्हातारा माणूस. हात गेला असेल.’’

आणि ते वर निघून गेले. डॉक्टर म्हणाले, वयानं असं होतं. मास्तर म्हणाले, असं होतं. मी म्हणालो, त्यांना कुणी काही बोलू नका. किती मोठं मन होतं माझं! पुढचे दोन दिवस मी ते मन घेऊन घरभर फिरलो. बायको माझ्याशी कामापुरतं बोलत होती. सासरे सकाळचा चहा गॅलरीत पीत होते आणि पेपरही तिथंच वाचत होते. जीपमधली त्यांची जागा रिकामी होती. मला वाटलं, बरं झालं, आता चाक सुरक्षित आहे. पण कामाला जाताना त्या रिकाम्या जागेकडे बघायचं मी टाळत होतो, हेही खरं.

मग रविवार आला. सोमवारी शेवटची चाचणी होती. मिस्त्रीच्या नव्या पट्ट्या घालून जीप आणल्यापासून चाक पुन्हा किंचाळत होतं, आणि साहेबांसमोर तो भयंकर आवाज शोभला नसता. मी बायकोच्या मशीनच्या खणातून लांब चोचीची कुपी घेतली आणि खाली गेलो.

आता सांगतो माझी किरकोळ देखभाल. किंचाळायचं फक्त उजवं चाक, त्यामुळे डाव्याला मी कधी हात लावला नाही. उजवं चाक जरा वळवलं की त्याच्या मागच्या पत्र्यावर एक बारीक भोक दिसतं, त्याला रबराची टोपी असते. बायकोच्या मशीनला अशीच बारीक भोकं आहेत आणि ती तेल घालण्यासाठीच असतात, हे मी लग्न झाल्यापासून बघत आलोय. चाक कोरडं पडलंय म्हणून किंचाळतंय, कारखान्यानं तेलासाठी भोक ठेवलंय, त्यात दोन थेंब तेल घालायचं. यात कुठं ब्रेकचा संबंध आला? मी चाकाला तेल घालत होतो. ब्रेकला तेल घालणारा मूर्ख वेगळा.

मी उकिडवा बसलो, रबराची टोपी काढली, कुपीची चोच आत घातली. ती आत जाईना. भोक लाखेनं बंद केलं होतं. व्यवस्थित, काठोकाठ, माझ्या तराजूंवर मी शिसं दाबतो तसं. आणि त्या लाखेवर तांबड्या रंगात एक बारीक बाण काढला होता. असा बाण मी सासऱ्यांच्या जुन्या नकाशांवर पाहिला होता. सर्वेक्षणात पक्का ठरलेला बिंदू कुणी हलवू नये म्हणून ते तसा बाण काढत.

मी तसाच उकिडवा राहिलो. पायाला मुंग्या आल्या तरी उठलो नाही. ज्या माणसानं हे भोक बंद केलं, त्याला तेल कुठून जातं हे ठाऊक होतं. कोण घालतं हेही ठाऊक होतं. आणि हे ठाऊक असताना तो चौघांसमोर ‘असेल’ म्हणाला होता.

‘‘माझी कुपी!’’ मागून बायकोचा आवाज आला. ‘‘अहो, मशीनचं तेल घेऊन तुम्ही इथं काय करताय?’’

‘‘चाकाला दोन थेंब,’’ मी म्हणालो.

‘‘कुठल्या चाकाला?’’

मी बोटानं दाखवलं. ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिनं वर गॅलरीकडे पाहिलं. सासरे पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

‘‘जिथं कोरडं हवं तिथं?’’ बायको म्हणाली. ती हसायला लागली आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती कशाबद्दल रडत होती ते मला कळलं. मलाही रडूच आलं होतं, पण माझ्या हातात तेलाची कुपी होती, आणि अशा अवस्थेत माणूस फार वाईट दिसतो.

मी वर गेलो. गॅलरीत सासऱ्यांच्या समोर उभा राहिलो.

‘‘बाबा, तुम्हाला कधी कळलं?’’

त्यांनी वही उघडून दिली. त्यात मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: मंगळवार. भोकापाशी तेल. वास शिवणयंत्राचा. त्याखाली: कुपी रविवारी नाहीशी होते, दुपारी परत येते. जावई.

‘‘म्हणजे मी तुमच्यावर ओरडलो त्याच्या आधी?’’

‘‘हो. संध्याकाळी एकट्यात सांगणार होतो. तुम्ही आधी बोललात.’’ त्यांनी पेपर सुलटा केला. ‘‘मग चारचौघांत कसं सांगणार? तुमची बाजारात पत आहे. माझी काय, मी तसाही म्हातारा आहेच.’’

‘‘पण तुम्ही मला काहीच बोलला नाहीत.’’

‘‘लाख लावली ना! तुम्ही शिक्का ओळखणार हे ठाऊक होतं,’’ ते म्हणाले. आणि मग पेपरची घडी घालत, ‘‘वाईट मात्र वाटलं हं. दिसत नाही असं म्हणालात त्याचं.’’

मी त्यांचे पाय धरायला वाकलो, तर मान आखडली आणि मी तिथंच अडकलो. त्यांनीच मला धरून सरळ केलं. अर्ध्यावर अडकलेल्या माफीसारखं अवघडलेपण दुसरं नसेल.

सोमवारी सासरे माझ्या शेजारी बसले. मिस्त्री मागं बसला, कारण त्याच्या अब्रूचाही प्रश्न होता. मैदानावर साहेबांनी टेबल सरळ आत, कचेरीच्या व्हरांड्यात नेऊन ठेवलं होतं आणि ते खांबाआडून बघत होते. मी वेग घेतला. पांढरी रेघ आली आणि मी ब्रेक दाबला.

जीप किंचाळली. अशी किंचाळली की शेजारच्या झाडावरचे कावळे उडाले, रांगेतल्या एका ट्रकवाल्यानं कानांत बोटं घातली आणि साहेबांचा चहा याही वेळी सांडला. धूळ बसली तेव्हा जीपचं तोंड दुसऱ्या पांढऱ्या रेघेच्या बरोबर मध्ये होतं. मागं दोन काळे पट्टे होते. मिस्त्री उडी मारून उतरला, त्यानं ते वितीनं मापले आणि तो दुसऱ्यांदा हसला.

साहेबांनी अर्ज पुढं सरकवला. त्यात एक रकाना होता: आढळलेल्या दोषाचे कारण. ‘‘काय लिहायचं?’’ साहेब म्हणाले. ‘‘मिस्त्री म्हणतात, घरातल्या वडीलधाऱ्यांनी चुकून तेल घातलं.’’

‘‘मी लिहितो,’’ असं म्हणून मी पेन घेतलं आणि लिहिलं: ‘वाहनचालक, म्हणजे मी स्वतः, दर रविवारी ब्रेकमध्ये तेल घालत असे.’ खाली सही केली. सवयीनं हुद्दाही लिहिला.

साहेबांनी ते सावकाश वाचलं. मग हुद्दा वाचला. मग माझ्याकडे काही न बोलता बघितलं. या वेळी मी नजर चुकवली नाही.

परत येताना फाटकाशी जीप पुन्हा कडाडून किंचाळली. डॉक्टर बोट चोखत बाहेर आले, मास्तर जिन्यातून खाली आले, खिडकीत बायको होती. त्या दिवशीचे सगळेच हजर होते. मला हेच हवं होतं. मी जीपच्या पायरीवर उभा राहिलो आणि मोठ्यानं म्हणालो, ‘‘ऐका! त्या दिवशी बाबांवर मी जो आरोप केला तो खोटा होता. तेल मी घातलं होतं. चूक माझी आहे.’’

‘‘कसलं तेल?’’ डॉक्टर म्हणाले.

‘‘कुठला आरोप?’’ मास्तर म्हणाले. ‘‘ते सोडा. हा आवाज म्हणजे कंपनं. साधं आहे. उजवीकडे थोडं वजन...’’

रात्रभर डोळा लागू नये एवढं ज्याचं मला ओझं झालं होतं, ते या दोघांच्या लक्षातही नव्हतं! मी पायरीवर हात वर करून तसाच उभा. मिस्त्री म्हणाला, नव्या पट्ट्या आहेत, आठवडाभर ओरडतील आणि आपोआप गप्प होतील. पट्ट्या बदलल्या तेव्हाच त्यानं ते मला सांगितलं होतं म्हणे. तेव्हाही मी मान डोलावत होतो.

सासरे खाली उतरले नाहीत. ते शेजारच्या जागेवरच बसून वहीत काहीतरी लिहीत होते. मी वाकून पाहिलं. मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या.

तिसरी चाचणी. गाडी सरळ थांबली.
जावईही.

त्यांनी वही मिटली आणि वर खिडकीकडे बघून हाक मारली, ‘‘अगं, आमचा चहा आणि पेपर इकडेच पाठव. आणि ह्यांच्या हातात तेवढी कुपी देऊ नकोस.’’